आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांपुढील दैनंदिन आव्हाने : एक विवेचन

प्रस्तावना

रुग्णालयाच्या इतर विभागांत रुग्ण बहुधा वेळ ठरवून, जुने कागद बरोबर घेऊन येतो. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात व तातडीच्या उपचार विभागात, यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. पुढच्या क्षणी दारात कोण येईल हे ठाऊक नसताना सज्ज राहणे, हेच तेथील डॉक्टरांचे काम होय. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली आपत्कालीन वैद्यकशास्त्रास स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता दिली. या शाखेतील तज्ज्ञांच्या दैनंदिन अडचणींचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. रांगेचा न्याय आणि गरजेचा न्याय यांतील विरोध समाजाने समजून घेतल्याशिवाय या अडचणी सुटणार नाहीत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

१. उपचारांचा क्रम

रेशन दुकान असो वा बँक, ‘आधी येईल त्याला आधी’ हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. कॅज्युअल्टीत मात्र ज्याचा जीव अधिक धोक्यात, तो आधी हा नियम चालतो. या वर्गवारीस ‘ट्रायाज’ म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक लॅरी यांनी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याचा आग्रह धरला. आज सामान्यतः लाल रंग तत्काळ उपचारांसाठी, पिवळा त्यानंतरच्या आणि हिरवा थांबू शकणाऱ्या रुग्णांसाठी वापरतात. तत्त्व सोपे आहे, आचरण कठीण. हात मोडलेला मुलगा वेदनेने रडत असतो, तर शेजारी छातीत जडपणा वाटणारे गृहस्थ शांत बसलेले असतात. डॉक्टर आधी त्या गृहस्थांकडे वळतात. कारण हृदयविकाराचा संशय असल्यास आगमनापासून दहा मिनिटांत ईसीजी होणे अपेक्षित असते. मुलाच्या वडिलांना मात्र तो अन्याय वाटतो.

२. अपुऱ्या माहितीवर निर्णय

येथे निदान पूर्ण होण्याची वाट पाहून उपचार सुरू करता येत नाहीत. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील मण्यारदंशाचे उदाहरण बोलके आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसास मण्यार रात्री चावते. दंशाची वेदना अत्यल्प असते, खूणही अनेकदा दिसत नाही. रुग्ण पहाटे ‘पोटात दुखते’ एवढेच सांगत येतो. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत आहेत, हे वेळीच लक्षात आले नाही, तर पुढे श्वसनाचे स्नायूही लुळे पडतात. त्याचप्रमाणे दारूच्या वासामुळे ‘नशेत आहे’ असे समजलेल्या माणसाच्या डोक्यात रक्तस्राव झालेला असू शकतो, किंवा त्याच्या रक्तातील साखर घसरलेली असू शकते. गर्दीतही अशी शंका जागी ठेवणे, हे या कामातील मोठे बौद्धिक आव्हान आहे.

३. कायद्याची चौकट

परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली घटना उद्बोधक आहे. मोटारीने धडक दिलेल्या स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणे हाताळण्याचा अधिकार नसल्याचे सांगून दूरच्या रुग्णालयात पाठविले. वाटेतच त्याचा मृत्यू झाला. प्राणरक्षण हे डॉक्टरांचे प्रथम कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्याच्या आड येऊ शकत नाहीत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. तथापि नोंदी टळत नाहीत. अपघात, विषबाधा वा मारहाणीच्या रुग्णावर उपचार करतानाच पोलिसांना कळविणे आणि प्रत्येक जखमेची अचूक नोंद करणे ही जबाबदारी त्याच डॉक्टरांवर असते.

४. नातेवाईकांशी संवाद

एका खाटेवरील मृत्यूची वार्ता सांगून डॉक्टरांना लगेच दुसऱ्या खाटेकडे जावे लागते. शोक आवरण्यास नातेवाईकांना वेळ हवा असतो. डॉक्टरांपाशी तो नसतो. या दरीतून संशय आणि प्रसंगी हिंसा उद्भवते. महाराष्ट्राने २०१० साली यासंबंधी कायदा करून असा हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरविला. परंतु शिक्षेचे भय घटना घडल्यानंतर उपयोगी पडते. विश्वास तत्पूर्वी निर्माण व्हावा लागतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांचे काम केवळ वैद्यकीय कौशल्याचे नाही. कोणी थांबावे, हे त्यांना दर तासाला ठरवावे लागते आणि थांबणाऱ्याचा रोषही पत्करावा लागतो. प्राधान्यक्रमाचे नियम कॅज्युअल्टीच्या दारातच मराठीत ठळकपणे लावणे आणि थांबलेल्या रुग्णांची पुन्हापुन्हा तपासणी करून त्यांच्या नातेवाईकांशी बोलण्यासाठी स्वतंत्र कर्मचारी नेमणे, हे उपाय अल्प खर्चाचे आहेत. नागरिकांनीही त्रास केव्हा सुरू झाला आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढी माहिती सोबत आणल्यास डॉक्टरांची मोलाची मिनिटे वाचतील. कॅज्युअल्टीत आपल्याला थांबावे लागणे म्हणजे उपेक्षा नव्हे. अनेकदा आपला जीव तूर्त सुरक्षित असल्याचे ते लक्षण असते.