दोन सेकंदांचा स्वल्पविराम

‘मॅडम, मला ताप आलाय. सोमवारऐवजी मंगळवारी मुलाखतीला आले तर चालेल का?’

शनिवारी संध्याकाळी एका मुलीनं ऑफिसच्या व्हॉइसमेलवर ठेवलेला हा निरोप. असा निरोप आला की सिस्टिमनं लगेच मॅडमच्या मोबाइलवर फोन लावायचा, असं सेटिंग होतं. मोबाइल वाजलाच नाही. निरोप ऐकला गेला मंगळवारी. तोवर ‘गैरहजर’ असा शेरा मारून जागा भरलीही होती.

मी तेव्हा तिथं इंटर्न होते. सेव्ह केलेला नंबर तपासला, तो बरोबर होता. मग घोळ कुठं? टेक्निशियन दादा म्हणाले, ‘शून्यानंतर पॉजच टाकलेला नाही!’

इंटरकॉमवरून बाहेर फोन करताना आपण काय करतो? शून्य दाबतो, डायल टोन ऐकतो आणि मग नंबर लावतो. हे मधलं थांबणं आपल्या लक्षातही येत नाही. मशीनला मात्र ते सांगावं लागतं. नाहीतर ती सगळे आकडे सटासट दाबते आणि बाहेरची लाइन मिळायच्या आत पहिले काही आकडे वाया जातात. उरतो तो अर्धाच नंबर.

प्रत्येक आकडा म्हणजे खरं तर दोन सूर असतात. ५ दाबला की ७७० आणि १३३६ हर्ट्‌झचे सूर एकत्र वाजतात. अमेरिकेत १९६३मध्ये बेल कंपनीनं आणलेली ही टच-टोन पद्धत आजही चालते. पण सूर वाजतात तेव्हा पलीकडे ऐकणारं कुणीतरी हवं ना!

हीच युक्ती तुमच्या मोबाइलमध्येही आहे. कॉलेजचा नंबर सेव्ह करताना त्यापुढे दोन स्वल्पविराम आणि मग डिपार्टमेंटचं एक्स्टेन्शन टाका. एका स्वल्पविरामाला फोन साधारण दोन सेकंद थांबतो. रेकॉर्डेड स्वागत लांबलचक असेल, तर स्वल्पविराम वाढवा. अर्धविराम टाकलात, तर पुढचे आकडे पाठवण्याआधी फोन तुम्हाला विचारतो.

दादांनी शून्यापुढे पॉज टाकला. मग खाली रस्त्यावर जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसला फोन केला आणि निरोप ठेवला. मिनिटभरात मॅडमचा मोबाइल वाजला. एवढी एक टेस्ट आधी कुणी केली असती, तर त्या मुलीची मुलाखत झाली असती.