मोऱ्या, नाले व सांडवे : मुसळधार पावसाची पूर्वतयारी

बुलढाणा जिल्ह्यात पाण्याचा विचार बहुधा टंचाईच्या अंगाने होत आला आहे. परंतु २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी होऊन नद्यानाल्यांना पूर आले, घरांत पाणी शिरले व शेतजमिनी खरडून गेल्या. तेव्हा पाणी अडविण्याइतकीच त्यास सुरक्षित वाट करून देण्याची तयारी अगत्याची आहे.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस थोड्या वेळात एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १० लाख लिटर पाणी. काळी जमीन आरंभी भेगांतून पाणी पिते. भिजून फुगल्यावर भेगा मिटतात व पाणी वाहू लागते. १०० हेक्टर पाणलोटातील निम्मे पाणी नाल्यास आले, तरी ते ५ कोटी लिटर भरते.

महामार्गासाठी लागणारी माती व मुरूम तलाव-नाल्यांतून काढण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यायोगे साठा वाढतो. तथापि तलाव भरल्यानंतरचे पाणी सांडव्यावाटेच जावयाचे असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांनी पुढील कामे उरकावीत :

१. माथ्यावरील समतल चर व शेताचे बांध दुरुस्त करावेत, म्हणजे पाण्याचा वेग वरच मोडेल.

२. मोऱ्यांतील गाळ व झुडुपे काढावीत. फुटलेल्या नळाच्या जागी अरुंद नळ घालू नये. व्यास निम्मा झाल्यास पाण्याची वाट एक चतुर्थांशच उरते.

३. साठा वाढविण्याच्या मोहाने सांडव्यावर दगड वा गोण्या रचू नयेत. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागल्यास बांध फुटून खालच्या वस्तीस धोका पोहोचतो.

४. उपसलेला गाळ काठावर न ठेवता शेतात पसरावा. नाल्याच्या पात्रात पेरणी करू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक पुराची खूण पुलाच्या भिंतीवर वर्षासह रंगवून ठेवावी. पुढील मोरी किती रुंद व वस्ती किती उंचावर असावी, हे ठरविताना ती खूण उपयोगी पडेल.