हाडातला डाग कोणत्या कर्करोगाचा?

प्रोस्टेटचा कर्करोग आणि मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) एकाच रुग्णात असतील, तर हाडातला नवा डाग आधी सापडलेल्या आजाराच्या नावावर टाकून मोकळे होणे धोक्याचे. प्रोस्टेटचा प्रसार बहुधा हाड दाट करतो, तर मायलोमा ते पोखरतो. बोन स्कॅन मुख्यतः नवे हाड बनते तिथे उजळतो, म्हणून मायलोमाची पोकळी त्यातून निसटू शकते. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) वाढलेच आहे, मग आणखी पुरावा कशाला, असा आक्षेप येतो. पण पीएसए प्रोस्टेटचा आजार सक्रिय असल्याचे सुचवते. हा डाग त्याचाच, हे सिद्ध करत नाही. रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत मायलोमा सुचवणाऱ्या एम-बँडचेही तसेच.

डागाचाच तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी, हा खरा पुरावा. ती दुखते, तिला खर्च आणि वेळ लागतो, हेही खरे. पण तुकड्यात सीडी१३८ हे प्रथिन आणि एकाच प्रकारची लाइट चेन (प्रतिपिंडाचा भाग) दिसली तर रोख मायलोमाकडे, एनकेएक्स३.१ हे प्रथिन दिसले तर प्रोस्टेटकडे. उपचार त्यावरच ठरतात. मंडला-डिंडोरीहून जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात येणाऱ्या रुग्णाला चुकीच्या औषधाचे महिने बायोप्सीपेक्षा महाग पडतात. म्हणून दोन्ही आजारांचे सगळे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.