पार्सल सोडवायला किती पडतील?

परदेशातून मागवलेलं पार्सल मुंबईला सहारच्या कार्गो टर्मिनलवर उतरतं आणि मोबाइलवर मेसेज येतो: केवायसीसाठी आधार किंवा पॅन पाठवा, इतके रुपये ड्यूटी भरा, मग पार्सल सुटेल. आकडा बघून कुरिअरवाल्याने मनाला येईल ते लावलंय असं वाटतं. कधीमधी तशी चूक होतेही. पण बहुतेकदा आपणच टक्के चुकीच्या रकमेवर लावलेले असतात.

एक शाईपेन घेऊ. विक्रेत्याची किंमत 150 डॉलर, कुरिअरचे 45 डॉलर वेगळे. पहिला प्रश्न डॉलरच्या भावाचा. गुगलवर दिसणारा किंवा आपल्या कार्डाला लागलेला भाव इथे चालत नाही. आयातीच्या हिशेबासाठी सीबीआयसी, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ, स्वतःचा विनिमय दर जाहीर करतं. आयातीचा दर वेगळा, निर्यातीचा वेगळा. आपल्याला आयातीचा बघायचा. सोयीसाठी तो 90 रुपये धरू. पेन झालं 13,500 रुपयांचं.

कर मात्र या 13,500 वर बसत नाही. माल भारतात पोहोचेपर्यंतची किंमत धरली जाते: वस्तू, वाहतूक आणि विमा मिळून. आपलं कुरिअर 4,050 रुपयांचं आहे, ते सगळं धरायचं का? नाही. 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांत विमानाने आलेल्या मालासाठी मर्यादा घातली आहे: वाहतूकखर्च कितीही झाला तरी मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त धरायचा नाही. इथे ते 2,700 रुपये होतात. लहान, महागड्या कुरिअरने आलेल्या वस्तूंना या तरतुदीचा चांगलाच फायदा होतो, आणि तिची आठवण फार कमी लोक ठेवतात. तिची दुसरी बाजूही आहे. वाहतुकीचा खर्च कागदावरून कळतच नसेल, तर तो 20 टक्के धरायचा असं तेच नियम सांगतात. त्यामुळे ‘फ्री शिपिंग’ दिसलं म्हणून अंदाजात तो रकाना कोरा ठेवू नये. विम्याचा आकडा माहीत नसेल तर 1.125 टक्के, म्हणजे इथे 152 रुपये. बेरीज 16,352. कर सुरू होतो तो इथून.

आता टक्के. प्रत्येक वस्तूला एचएस कोड असतो आणि कोडाप्रमाणे दर बदलतो. छापील पुस्तकांवर 2019 च्या अर्थसंकल्पात 5 टक्के सीमाशुल्क आलं, पण पुस्तकांना जीएसटी नाही. घरगुती पार्सलांसाठी मात्र 9804 हा एक कोड आहे. व्यक्तिगत वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या करपात्र वस्तू त्यात एकाच दराने धरता येतात. हा दर अर्थसंकल्पांत बदलत आलेला आहे, तेव्हा मागच्या वर्षीचं बिल बघून यंदाचा अंदाज करू नये. ऑर्डर देण्याआधी सीबीआयसीच्या संकेतस्थळावर ताजा दर बघावा.

उदाहरणापुरतं मूळ सीमाशुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के धरू. पुष्कळ जण इथे 28 टक्के अशी बेरीज करतात, ती 13,500 ला लावतात आणि 3,780 रुपये काढून ठेवतात. प्रत्यक्षात हे कर उतरंडीसारखे एकावर एक बसतात. 16,352 वर 10 टक्के म्हणजे 1,635 रुपये सीमाशुल्क. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 164 रुपये. हा अधिभार 2018 साली आला आणि तो मालावर नाही, तर शुल्कावर मोजतात. मग तिन्ही मिळून जे 18,151 होतात, त्यांवर 18 टक्के आयजीएसटी: 3,267. एकूण 5,066 रुपये. म्हणजे कच्च्या हिशेबापेक्षा जवळजवळ तेराशे रुपये जास्त, आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही.

पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगणारे सल्लागार अजून आहेत. पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतच्या भेटवस्तू शुल्काविना येत. डिसेंबर 2019 मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल सोडवून घेण्यावर बंदी घातली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू अपवादात धरलेली नाही, हेही त्याच आदेशात लिहिलं आहे; सरकारी आदेशात इतका घरगुती बारकावा विरळाच. किंमत कमी दाखवण्याचा मार्गही कुचकामी आहे. जाहीर केलेल्या किमतीबद्दल शंका आली तर अधिकारी ऑर्डरचं पान आणि पैसे भरल्याचा पुरावा मागू शकतो, आणि तोवर पार्सल गोदामात पडून राहतं. खरोखर सेलमध्ये स्वस्त मिळालं असेल तर तीच कागदपत्रं आपल्या कामी येतात.

करांखेरीज कुरिअर कंपनीची स्वतःची रक्कम असते. आपल्या वतीने कस्टमला पैसे आधी ती भरते आणि त्या सेवेचं शुल्क घेते. बऱ्याचदा ते भरलेल्या ड्यूटीच्या काही टक्के किंवा एक किमान रक्कम, यांतलं जे जास्त असेल ते असतं, वर त्यावर जीएसटी. स्वस्त वस्तूच्या बाबतीत ही किमान रक्कम करापेक्षाही मोठी होऊ शकते. ऑर्डर देताना विक्रेत्याने ‘डीडीपी’ लिहिलं असेल तर शुल्क त्याच्या माथी; ‘डीएपी’ असेल तर आपल्या.

बिल अंदाजापेक्षा फारच वेगळं आलं तर कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागावी. तीत आधी कोड बघावा, मग विनिमय दर, मग वाहतुकीचा आकडा. पेनाच्या वाहतुकीपोटी 2,700 ऐवजी 4,050 धरले असतील, तर वरच्याच दरांनी साधारण 418 रुपये कर जादा लागलेला असतो.