कैद्यांचा हक आणि फौजेचा खर्च

एप्रिल २००४ च्या अखेरीस इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातली छायाचित्रे जगासमोर आली. ज्यांनी ती वर्तमानपत्रांत किंवा टीव्हीवर पाहिली, ते ती विसरले नसतील. एकमेकांवर रचलेले विवस्त्र कैदी, कुत्र्यांपुढे थरथरणारी माणसे, डोक्यावर पिशवी घालून आणि हातांना तारा बांधून खोक्यावर उभा केलेला एक जण. कैदी इराकी होते आणि पहारेकरी अमेरिकन सैनिक.

त्यावर संताप व्यक्त झाला, निषेध झाले. पुढे काय घडले, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. कैद्यांच्या छळाला मनाई करणारा कायदा अमेरिकेत दीड-एक वर्षाने झाला. तो फौजेच्या वार्षिक खर्चाच्या विधेयकातच जोडला गेला. तो आणणारे सिनेटर जॉन मॅकेन युद्धविरोधी नव्हते. इराकवरच्या चढाईला त्यांचा जोरदार पाठिंबा होता. तरीही ही हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. कायदेमंडळातला एक माणूस काय करू शकतो आणि कुठे कमी पडतो, हे दोन्ही तिच्यातून कळते.

खर्चाचेच विधेयक का?

अमेरिकेत फौजेसाठी दरवर्षी दोन विधेयके मंजूर व्हावी लागतात. पहिले विधेयक फौजेने काय घ्यावे, किती माणसे ठेवावीत, कोणत्या नियमांनी वागावे हे ठरवते. दुसरे प्रत्यक्ष पैसे देते. पहिले विधेयक तर साठ वर्षांहून अधिक काळ एकही वर्ष न चुकता मंजूर होत आले आहे. सैनिकांचे पगार अडवले असा ठपका कोणत्याच खासदाराला नको असतो, आणि राष्ट्राध्यक्षालाही अशा विधेयकावर सही नाकारणे जड जाते.

आपल्या संसदेत अर्थसंकल्पी मागण्यांवर खासदार कपात सुचवू शकतो, पण त्यात स्वतःचा नवा कायदा बसवू शकत नाही. अमेरिकेतल्या सिनेटरला मात्र अशा विधेयकात दुरुस्ती सुचवता येते. एकट्याने आणलेले विधेयक समितीच्या कपाटात पडून राहील, पण तेच कलम फौजेच्या खर्चाला जोडले तर ते थांबवणे अवघड होते. मॅकेन यांनी हाच मार्ग धरला.

ज्याने स्वतः भोगले

मॅकेन नौदलाचे वैमानिक होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांचे विमान हनोईवर पाडले गेले. दोन्ही हात आणि एक पाय मोडलेल्या अवस्थेत ते पकडले गेले आणि साडेपाच वर्षे व्हिएतनामच्या कैदेत राहिले. तिथे त्यांचा इतका छळ झाला की पुढे आयुष्यभर त्यांना हात खांद्याच्या वर नेता येत नसत. ते स्वतः एक गोष्ट सांगत. आपल्या तुकडीतल्या साथीदारांची नावे सांग म्हणून मारहाण सुरू झाली, तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाच्या खेळाडूंची नावे सांगून टाकली. मार खाणारा माणूस समोरच्याला हवे ते बोलतो, त्यातून सत्य हाती लागतेच असे नाही, हे ते अनुभवाने जाणत होते.

सप्टेंबर २००५ मध्ये इयन फिशबॅक या तरुण लष्करी कॅप्टनने त्यांना पत्र लिहिले. फिशबॅक अफगाणिस्तान आणि इराक दोन्हीकडे होते. कैद्यांशी कसे वागायचे याचे नियम स्पष्ट करून सांगा, असे ते सतरा महिने आपल्या वरिष्ठांना विचारत होते आणि त्यांना नीट उत्तर मिळत नव्हते.

मॅकेन यांची दुरुस्ती छोटी होती. लष्कराच्या ताब्यातल्या कोणाचीही चौकशी लष्कराच्या छापील नियमपुस्तिकेबाहेरच्या पद्धतीने करायची नाही, हा तिचा पहिला भाग. अमेरिकेच्या ताब्यातल्या कोणत्याही माणसाला, तो कोणत्याही देशाचा असो आणि जगात कुठेही ठेवलेला असो, क्रूर, अमानुष किंवा अपमानास्पद वागणूक द्यायची नाही, हा दुसरा. अशी दुरुस्ती असेल तर विधेयक परत पाठवू, असा इशारा राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या कार्यालयाने दिला. गुप्तहेर संस्था सीआयएला तरी यातून वगळा, म्हणून उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी खटपट केली. मॅकेन बधले नाहीत. ५ ऑक्टोबर २००५ रोजी सिनेटमध्ये ही दुरुस्ती ९० विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाली. बुश आणि मॅकेन एकाच पक्षाचे होते, आणि त्या पक्षाच्या बहुतेक सिनेटरांनीही बाजूने मत दिले. डिसेंबरमध्ये प्रतिनिधी सभेनेही ३०८ विरुद्ध १२२ मतांनी या मजकुराला पाठिंबा दाखवला. दुसऱ्याच दिवशी बुश यांनी मॅकेन यांना भेटून ती मान्य केली आणि ३० डिसेंबरला सही झाली.

कलमातली भोके

इथे थांबलो तर गोष्ट गोड वाटेल, पण ती अपुरी राहील.

सही करताना बुश यांनी सोबत एक निवेदन जोडले. सरसेनापती म्हणून आपल्याला असलेल्या अधिकारांना धरूनच या कलमाचा अर्थ लावू, असा त्याचा आशय होता. शिवाय त्याच कायद्यात दुसऱ्या सिनेटरांच्या पुढाकाराने आणखी एक कलम आले होते. ग्वांटानामोच्या कैद्यांना आपल्या कैदेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची वाट त्याने बंद केली. एका हाताने छळाला बंदी आणि दुसऱ्या हाताने न्यायालयाला कुलूप, असा तो प्रकार होता. ते कुलूप उघडायला अडीच वर्षे लागली. जून २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखदर बूमेदीन या कैद्याच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी हा हक परत दिला. खेदाची गोष्ट अशी की मॅकेन यांनीच त्या निकालावर कडक टीका केली.

सीआयएची पळवाटही उरलीच होती. नियमपुस्तिकेची अट फक्त लष्कराच्या ताब्यापुरती होती. २००८ मध्ये ती सीआयएलाही लावण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मॅकेन यांनी विरोधात मत दिले. ते त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होते. छळाला आपला विरोध कायम आहे, असे ते म्हणत राहिले, पण त्यांचे मत मात्र विरोधात पडले.

जानेवारी २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी आदेश काढून ही पळवाट बंद केली. पण एका राष्ट्राध्यक्षाचा आदेश दुसरा राष्ट्राध्यक्ष सकाळच्या चहाआधी रद्द करू शकतो. डिसेंबर २०१४ मध्ये सीआयएच्या छळाबद्दलचा सिनेट समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्या पक्षातले अनेक जण त्यावर नाराज असताना मॅकेन यांनी सभागृहात उभे राहून अहवालाची बाजू घेतली. २०१५ मध्ये ते सिनेटच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष झाले. वार्षिक संरक्षण विधेयक आता त्यांच्याच हातून जात होते. विरोधी पक्षाच्या सिनेटर डायन फाइनस्टाइन यांच्यासोबत त्यांनी त्यात दुरुस्ती आणली. लष्कर असो की सीआयए, चौकशी त्या नियमपुस्तिकेप्रमाणेच होईल, आणि रेड क्रॉसला कैद्यांची लवकर भेट मिळेल. जून २०१५ मध्ये सिनेटने ती ७८ विरुद्ध २१ मतांनी स्वीकारली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. दहा वर्षांपूर्वी राहिलेले भोक त्याच माणसाने बुजवले.

त्याचा उपयोग लवकरच दिसला. २०१६ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी कैद्याच्या तोंडावर पाणी ओतून त्याला गुदमरवण्याची पद्धत परत आणण्याची भाषा केली. ते निवडूनही आले. पण आता नुसता आदेश बदलून भागणार नव्हते, वाटेत कायदा उभा होता. मॅकेन ऑगस्ट २०१८ मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी मंजूर झालेल्या त्या वर्षीच्या संरक्षण कायद्याला त्यांचेच नाव दिले होते.

आपल्यासाठी काय?

मॅकेन यांना वली ठरवण्याची गरज नाही. ज्या युद्धातून अबू गरीब घडले, त्या युद्धाला त्यांचा पाठिंबा होता. ग्वांटानामोत अनेकांची उमेदीची वर्षे खटल्याविना गेली, ती कोणत्याही कलमाने परत येणार नाहीत. तरीही एखाद्या कोठडीत कोणी छळापासून वाचला असेल, तर त्यात या कलमाचा वाटा आहे, हे मान्य करणे इन्साफचे होईल. इन्साफ आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही द्यावा लागतो, अशी आपल्या दीनची शिकवण आहे.

कैद्याच्या हकाची गोष्ट आपल्याला नवी नाही. सूरह दहरमध्ये मिस्कीन आणि यतीम यांच्यासोबत कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची स्तुती आहे. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे सुटकेचे पैसे नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे आणि मोकळे व्हावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवल्याची रिवायत आहे. आम्ही शिक्षकीपेशातले असल्याने ती वर्गात नेहमी सांगतो. ते कैदी काल तलवार घेऊन समोर उभे असलेले शत्रू होते, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

आपल्या देशाने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले छळप्रतिबंधक विधेयक राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे त्याचा कायदा झालाच नाही. मते मागायला येणाऱ्याला आपण रस्ता, पाणी, शादीखाना यांबद्दल विचारतो, आणि ते विचारायलाच हवे. त्यासोबत घरातल्या तरुणांनी एवढेही विचारावे, की कोठडीतल्या माणसाच्या हकाबद्दल तुम्ही सभागृहात कधी बोललात का, आणि मतदानाच्या वेळी तुमचा हात कुठल्या बाजूला वर गेला?