वकिलाविना उभा राहणारा कामगार
पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

न्यायालयात पक्षकाराने स्वतःची बाजू स्वतःच मांडावी, ही गोष्ट महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात आपला बचाव स्वतः केला आणि ज्यूरीसमोर ते एकवीस तासांहून अधिक काळ बोलले. तथापि टिळक कायद्याचे पदवीधर होते. वकील न घेणे हा त्यांचा निर्णय होता. प्रस्तुत लेखाचा विषय याच्या नेमका उलट आहे. ज्याने कायद्याचे पुस्तक कधी उघडलेले नाही आणि ज्याची नोकरी गेली आहे, अशा कामगाराला वकिलाविना उभे राहावे लागते, तेव्हा त्या व्यवस्थेमागील तत्त्व कोणते आणि ते आज कितपत टिकते, एवढाच प्रश्न येथे तपासावयाचा आहे.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याच्या ३६ व्या कलमात या प्रश्नाचे मूळ सापडते. समेटाच्या कार्यवाहीत कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत हजर राहता येत नसे. कामगार न्यायालय किंवा न्यायाधिकरण यांच्यापुढे वकील उभा करावयाचा असेल, तर दोन अटी होत्या : एक, विरुद्ध पक्षाची संमती, आणि दोन, न्यायालयाची अनुज्ञा. कामगाराची बाजू मांडण्याचा अधिकार नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्याला होता. कामगार कोणत्याच संघटनेचा सभासद नसेल, तर त्या उद्योगाशी संबंधित संघटनेचा पदाधिकारी किंवा त्याच उद्योगातील दुसरा कामगारही ती मांडू शकत असे. या योजनेचा हेतू उघड आहे. द्रव्यबळाने विकत घेता येणारे कौशल्य वादाबाहेर ठेवावे, तांत्रिक हरकतींनी होणारा विलंब टाळावा आणि दोन्ही पक्षांना शक्य तितक्या समान भूमीवर आणावे, असा तो हेतू होता.

मालकवर्गाने या बंधनाला वेळोवेळी आव्हान दिले. १९७६ साली पॅरादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, वकिलाला वकील या नात्याने हजर राहण्याचा निरपेक्ष हक्क नाही. मात्र तोच गृहस्थ मालकसंघाचा वा कंपनीचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर केवळ वकिलीची सनद आहे म्हणून त्याला अडविता येणार नाही. पुढे अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे ३० वे कलम २०११ साली अमलात आले आणि वकिलांना सर्व न्यायालयांत व न्यायाधिकरणांत व्यवसाय करण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. विशेष असे की, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचविणाऱ्या प्रकरणांत पिंपरी येथील थायसनक्रुप इंडस्ट्रीज या कंपनीचे प्रकरण होते. २०२३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पॅरादीप निर्णयाचा फेरविचार करण्याचे कारण नाही, असे मत दिले. म्हणजे जे तत्त्व १९४७ साली घातले गेले, त्याची कसोटी पाऊण शतकानंतर याच औद्योगिक पट्ट्यातील एका वादातून लागली.

परंतु तत्त्व टिकले म्हणून त्याचा आधारही टिकला, असे म्हणता येत नाही. १९४७ चा कायदा सामूहिक विवाद डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. एकट्या कामगाराच्या बडतर्फीला संघटनेने वा कामगारांच्या पुरेशा गटाने उचलून धरल्याशिवाय औद्योगिक विवादाचे रूप येत नसे. १९६५ साली २-अ हे कलम घातले गेले आणि एका व्यक्तीची बडतर्फी हाही औद्योगिक विवाद मानला जाऊ लागला. २०१० च्या दुरुस्तीने तर समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यापासून ४५ दिवसांनंतर शासनाच्या निर्देशाची वाट न पाहता थेट न्यायालयात जाण्याची मुभा त्या कामगाराला दिली. या दोन पावलांनी एकटा कामगार न्यायालयाच्या दारात येऊन पोहोचला. मात्र वकिलाला बाहेर ठेवणारे कलम होते तसेच राहिले. ज्या बंधनाने संघटित कामगाराचे रक्षण होत होते, त्याच बंधनाखाली असंघटित कामगाराला स्वतःचा वकील मिळविण्यासाठीही मालकाची संमती आवश्यक ठरली.

पिंपरी परिसरात हा बदल प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आणि १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत आलेले मोठे उद्योग यांच्या काळात कायम कामगार व त्यांची संघटना हे परिचित दृश्य होते. चाकणमध्ये पुढे विस्तारलेल्या वाहन व सुट्या भागांच्या उद्योगांत हंगामी, प्रशिक्षणार्थी व कंत्राटी कामगार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्याच्यासाठी बोलणारा संघटनेचा पदाधिकारी बहुधा नसतोच.

या कामगाराची अडचण राज्याच्या कायद्यातही दिसते. महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ याच्या चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब अशी की, कायमपणाचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली वा हंगामी म्हणून ठेवणे ही अनुचित प्रथा होय. परंतु २१ व्या कलमानुसार, जेथे मान्यताप्राप्त संघटना आहे, तेथे या बाबीसंबंधी कामगाराला स्वतः हजर राहता येत नाही. संघटनेमार्फतच जावे लागते. संघटना नसेल तरच तो स्वतः उभा राहू शकतो. कायम कामगारांच्या संघटनेने हंगामी कामगाराचा प्रश्न हाती घेतला नाही, तर त्याचा हक्क कागदावर राहतो. कंत्राटी कामगाराची स्थिती याहून बिकट आहे. २००१ साली कल्याणी स्टील्स व सिप्ला या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, मालक-नोकर नातेच वादग्रस्त असेल, तर या अधिनियमाखाली तक्रार चालणार नाही. ते नाते आधी योग्य न्यायासनापुढे सिद्ध करून घ्यावे लागेल. कोणत्या दारावर थाप द्यावयाची, हे ठरविण्यासाठीच येथे कायद्याचे ज्ञान लागते. शिवाय या अधिनियमाखालील तक्रारीला सामान्यतः ९० दिवसांची मुदत आहे. चुकीच्या दारी घालविलेला काळ परत मिळेलच, याची शाश्वती नसते.

दुसरी अडचण पुराव्याची. कार्यपद्धती दिवाणी न्यायालयाइतकी काटेकोर नसली, तरी सिद्धतेचा भार नाहीसा होत नाही. वर्षात २४० दिवस काम केले हे कामगारानेच सिद्ध करावयाचे असते आणि केवळ त्याचे शपथपत्र त्यासाठी पुरत नाही, असे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हजेरीपट मालकाच्या ताब्यात असतात. ते दाखल करण्याचा आदेश न्यायालयाकडे वेळीच मागितला, तर चित्र बदलू शकते; परंतु तसे मागता येते हेच ज्याला माहीत नाही, त्याची बाजू मुकी राहते. मागील वेतनाचेही तसेच आहे. २०१३ साली महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात असे ठरले की, आपण अन्यत्र मिळकतीची नोकरी करीत नव्हतो, हे कर्मचाऱ्याने आरंभीच सांगितले पाहिजे. मग ते खोटे असल्याचे सिद्ध करणे मालकाकडे जाते. निवेदनातील एका वाक्याच्या अभावी काही वर्षांचे वेतन जाऊ शकते. म्हणून वेतनचिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचे उतारे, ओळखपत्र व प्रवेशपत्र जपून ठेवणे, प्रत्येक अर्जाची पोच घेणे आणि मालकाच्या वकिलाला संमती देण्यापूर्वी तिचा अर्थ समजून घेणे, या गोष्टी किरकोळ नाहीत.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या १२ व्या कलमाने औद्योगिक कामगाराला मोफत विधिसेवेस पात्र ठरविले आहे. म्हणजे एक कायदा त्याला वकील देऊ करतो, तर दुसरा त्या वकिलाला विरुद्ध पक्षाच्या संमतीसाठी दाराशी थांबवितो. अर्थात विधिसेवेचे क्षेत्र केवळ न्यायालयातील युक्तिवादापुरते नाही. सल्ला देणे व निवेदनाचा मसुदा करून देणे यांना ३६ वे कलम आड येत नाही. हा मार्ग जितका वापरला जावा तितका वापरला जाताना दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ चा अधिनियम निरसित झाला. वकिलासंबंधीची संमती व अनुज्ञा ही जोड-अट संहितेनेही कायम ठेवली आहे. मात्र बडतर्फ कामगाराने थेट अर्ज करण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आणली आहे. एकट्या कामगाराचे एकटेपण तेवढेच राहिले आणि त्याच्या हातचा काळ कमी झाला.

यावरून वकिलांवरील बंधन उठवावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बंधन उठले, तर पहिला लाभ कोणाला होईल, हे सांगण्याची गरज नाही. खरा प्रश्न निराळा आहे. कायद्याने वकिलाची जागा रिकामी ठेवली ती संघटनेने भरावी या विश्वासाने. जेथे संघटना नाही, तेथे ती जागा कोणी भरावयाची? चाकणहून पुण्याच्या न्यायालयात दर तारखेला एका दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या कामगाराला या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. कामगार न्यायालयातील निवाड्यांचा, त्यांत कामगाराच्या बाजूने कोण उभे होते या दृष्टीने, पद्धतशीर अभ्यास करणे हे विद्यापीठीय संशोधकाला सहज साध्य असलेले काम आहे. समानतेसाठी केलेली तरतूद प्रत्यक्षात समानता देते किंवा नाही, हे अशा अभ्यासानेच ठरेल.