अधिक ५५१

आर्मेनियन लिपीत छापलेल्या जुन्या पुस्तकाची नोंद करणाऱ्या ग्रंथसूचीकाराला मजकुराआधी समास वाचावे लागतात, कारण पुस्तक कोणी छापले हे मुद्रक स्वतःच सांगतो, परंतु ते पुढे कोणाच्या घरी नांदले हे मालकाच्या हस्ताक्षरातच सापडते. या कामाची रीत साधी आहे: पुस्तक मऊ उशीवर अर्धेच उघडायचे, पानावर बाजूने तिरपा प्रकाश टाकायचा आणि पुठ्ठ्यापासून शेवटच्या कोऱ्या पानापर्यंत प्रत्येक सही, शिक्का व डाग टिपून ठेवायचा.

मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास घडवलेल्या या लिपीत मुळात ३६ अक्षरे होती आणि मध्ययुगात आणखी दोन आली. माइन्झ येथे १४८६ साली निघालेल्या बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख यांच्या यात्रावर्णनात ती लाकडी ठशावर कोरलेली वर्णमाला म्हणून दिसते, तर १५१२ मध्ये व्हेनिसला हाकोब मेघापार्त यांनी ‘उर्बातागिर्क’, म्हणजे शुक्रवारचे पुस्तक, हे पहिले संपूर्ण आर्मेनियन पुस्तक छापले. पहिल्या प्रकारच्या पुस्तकांचा लॅटिन वाचणारा मालक ही अक्षरे नवलाईने न्याहाळत असे. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांच्या मालकाला ती प्रार्थनेसाठी हवी होती, आणि हा फरक समासांत स्पष्ट उमटतो. आर्मेनियन परंपरेत पुस्तकाच्या अखेरीस ‘हिशातकरान’, म्हणजे स्मरणलेख, लिहिण्याची चाल होती. लुटारूंच्या हाती पडलेले हस्तलिखित पैसे देऊन सोडवले, तर त्याचा उल्लेख बंदिवासातून सुटलेल्या माणसासारखा होत असे. ज्यांनी पुस्तकाला माणूस मानले, त्यांची नावे पुसली जाणे अधिकच बोचते.

स्मरणलेखातील साल अक्षरांतच असते, कारण मूळ ३६ अक्षरे हीच अंक होत: एकं, दहं, शतं, सहस्र अशा चार ओळी, प्रत्येकीत नऊ. मालकाने रा, चे, झे, येच ही चार अक्षरे लिहिली असतील, तर त्यांचे मोल १०००, १००, १० आणि ५, म्हणजे आर्मेनियन संवताचे १११५ वे वर्ष, आणि त्यात ५५१ मिळवले की इ. स. १६६६ येते. शालिवाहन शकात ७८ मिळवण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटू नये. पेच इतकाच की आर्मेनियन वर्षात लीप दिवस नसल्यामुळे वर्षारंभ मागे सरकत जातो आणि सतराव्या शतकात तो शरद ऋतूत येतो, म्हणून इसवी वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील नोंदीला ५५१ ऐवजी ५५० मिळवावे लागतात.

पुसट झालेल्या ओळीवर अतिनील दिवा धरला की कागद निळसर उजळतो आणि मायफळ व हिराकस यांच्या शाईची अक्षरे त्यावर काळी होऊन उठतात. मात्र विक्रीसाठी ‘स्वच्छ प्रत’ करण्याच्या हव्यासाने धुतलेल्या पानांतून शाई पुरती निघून गेली असेल, तर दिवाही हतबल ठरतो. बांधणीवाल्याची सुरी त्याहून निर्दय, कारण पुन्हा बांधणी करताना तो कडा सरळ करतो आणि कडेलगतचा मालक छाटला जातो. १६६६ ते १६६८ या काळात ओस्कान येरेवान्त्सी यांनी ॲम्स्टरडॅमला छापलेल्या बायबलच्या एखाद्या प्रतीत रा, चे, झे एवढीच अक्षरे उरली आणि पुढचे एककाचे अक्षर नावासकट कापले गेले, असे समजावे: ११११ ते १११९ यांपैकी कोणतेही वर्ष संभवते, म्हणून अधिक ५५१ केल्यावर १६६२ ते १६७० हा पट्टा मिळतो, आणि छपाईच १६६८ ला पूर्ण झाल्यामुळे त्यातली शेवटची तीन वर्षे उरतात. सूचीकार नोंदवहीत ती तीन वर्षे लिहितो आणि मालकाच्या नावाचा रकाना कोरा ठेवतो.